भिंत आणि भाडेपावती

गिरगाव, दादर, परळ किंवा लालबागमधल्या जुन्या चाळीची भाडेपावती नीट पाहिली, तर भाड्याच्या रकमेखाली आणखी एक ओळ दिसते : दुरुस्ती उपकर. माहीम आणि शीवपलीकडच्या उपनगरांत ही ओळ नसते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटावरच्या मुंबईतच हा कर आहे आणि तो 1969 पासून आहे. त्या कराच्या आधारावर उभ्या राहिलेल्या संस्थेचे कागदोपत्री नाव ‘मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ’. चाळीत या नावाने तिला कोणी ओळखत नाही. ‘रिपेअर बोर्डात जाऊन आलो’, ‘बोर्डाचं पत्र आलंय’, ‘बोर्डाची माणसं टेकू लावून गेली’ अशीच भाषा असते आणि ती ऐकत तीन पिढ्या वाढल्या.

मंडळाने किती इमारती दुरुस्त केल्या, किती पाडून बांधल्या, किती कोसळल्या, याचा हिशेब दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतो. तो यायलाच हवा. पण या संस्थेच्या कारभाराचा निम्मा भाग विटा-सिमेंटात आहे, तर निम्मा कागदात. कागदाच्या निम्म्या भागाकडे आपण पन्नासहून अधिक वर्षे पाहिलेले नाही, म्हणून तिची वाटचाल दोन्ही बाजूंनी सांगायला हवी.

गोष्ट सुरू होते ती मंडळाच्या जन्माआधी सत्तर वर्षे. 1896 मध्ये मांडवीत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतली घरे हा सरकारच्या काळजीचा विषय झाला. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढणारा, दादर-माटुंग्याची आखणी करणारा, बीआयटी चाळी बांधणारा हाच ट्रस्ट. परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळ क्रमांक 1 मध्ये, 50 आणि 51 क्रमांकाच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 ते 1934 या काळात राहिले. पुढे 1920 मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून 207 बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकेक खोली 160 चौरस फुटांची. त्या चाळींसाठी पैसा उभा करताना मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. ज्या मालावर शहर श्रीमंत होत होते, त्याच मालावर कामगारांच्या घरांसाठी कर. स्थानिक पैशातून स्थानिक घरे, हा विचार मुंबईत शंभर वर्षे जुना आहे.

पण बीआयटी आणि बीडीडीच्या चाळींत शहराचा थोडाच भाग मावला. बाकीचे लोक खासगी मालकांच्या चाळींत राहत होते. मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सव 1893 मध्ये ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला, तीही गिरगावातली अशीच खासगी चाळ. या इमारती बांधण्याची रीत ठरलेली होती. सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटांचे काम, चुन्याचा गिलावा, वर कौले किंवा पत्रा, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी आणि टोकाला सामाईक संडास. चांगल्या सागवानाला शंभर वर्षांत काही होत नाही. त्याला मारते ते पाणी. मोरीतून आणि संडासाच्या नळातून झिरपणारे पाणी भिंतीत शिरते आणि तुळईचे भिंतीत गाडलेले टोक कुजत जाते. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते आणि आत तिला आधार उरलेला नसतो. नंतरच्या इमारतींत लोखंडी गर्डर आले, ते समुद्राच्या हवेने गंजले.

तुळई बदलायला पैसा लागतो आणि तो कोणाकडे नव्हता. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीनंतरच्या गर्दीत तो कायदा भाडेकरूंसाठी जीवनदान ठरला. तो नसता तर गिरणी कामगार आणि कारकून या शहरात टिकलेच नसते. मात्र भाडे गोठल्यावर मालकाने इमारतीतून लक्ष काढून घेतले. भाडेकरूला वाटे, इमारत आपली नाही तर आपण खर्च का करायचा? साठच्या दशकात दर पावसाळ्यात घरे कोसळू लागली तेव्हा सरकारने बेडेकर समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनंतर 1969 चा मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ कायदा झाला.

त्या कायद्यामागची कल्पना मला आजही धाडसी वाटते. इमारत मालकाची, राहणारा भाडेकरू आणि दुरुस्ती करणार सार्वजनिक मंडळ. पैसा मुख्यतः त्या इमारतींवरच्या उपकरातून. महापालिकेने तो मालमत्ता कराबरोबर गोळा करायचा, मालकाने भाड्याबरोबर भाडेकरूकडून घ्यायचा आणि शासनामार्फत तो मंडळाकडे यायचा. मालकांनी कायद्याला आव्हान दिले, पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. घर पडू नये ही जबाबदारी मालक आणि भाडेकरू यांच्यातल्या भांडणावर सोडता येत नाही, ती शहराची आहे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले.

उपकरासाठी इमारतींचे तीन वर्ग पडले. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या त्या ‘अ’, तिथून 1950 अखेरपर्यंतच्या ‘ब’ आणि 1951 पासून 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या ‘क’. अ वर्गात 16,502, ब वर्गात 1,489 आणि क वर्गात 1,651, अशा एकूण 19,642 इमारती मंडळाच्या पदरात आल्या. त्या काळी कोणत्याही एका संस्थेकडे एवढ्या मोडकळीला आलेल्या घरांची जबाबदारी येणे ही असामान्य गोष्ट होती. इमारत कोणत्या वर्गातली, हे ठरवायला बांधकामाचे वर्ष लागते आणि ते सापडते महापालिकेच्या करनिर्धारण खात्याच्या जुन्या वह्यांत. म्हणजे मंडळाचे पहिले पाऊलच जुन्या दप्तरावर पडले होते.

मंडळाचे अभियंते इमारत तपासायचे, अंदाजपत्रक करायचे, कंत्राटदार नेमायचे. तातडीची बाब असेल तर आधी टेकू. लालबाग-परळमध्ये एखादी चाळ दहा-दहा वर्षे टेकूंवर उभी असल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगायला नको. गॅलरीत टेकूला दोरी बांधून कपडे वाळत घातलेले असतात आणि मुले त्याच टेकूंमधून लपंडाव खेळतात. दुरुस्ती म्हणजे मुख्यतः खांब, तुळया, जिना, छप्पर, सज्जे, संडासाचा भाग आणि सांडपाण्याचे नळ. आतली फरशी आणि रंग ज्याचे त्याने करायचे. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे कमाल मर्यादा असते. ती वेळोवेळी वाढली, पण बाजारभावाच्या मागेच राहिली. खर्च मर्यादेबाहेर गेला की वरची रक्कम रहिवाशांनी भरायची, नाहीतर इमारत ‘दुरुस्तीपलीकडची’ ठरते. जिथे मंडळाचा पैसा पुरला नाही, तिथे आमदार निधी आला. जिन्याच्या तोंडाशी लोकप्रतिनिधीच्या नावाची पाटी आणि खाली नवी शहाबादी, हे दृश्य गिरगावात जागोजाग आहे.

पैशाचा हिशेब एकदा समोर ठेवायलाच हवा. गेल्या काही वर्षांची सर्वसाधारण रचना अशी आहे : उपकरातून वर्षाला सुमारे 40 कोटी, राज्य शासनाकडून तेवढाच वाटा आणि महापालिका व म्हाडा (महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण) यांच्याकडून प्रत्येकी 10 कोटी. सगळे वेळेवर आले तर 100 कोटी. उपकरप्राप्त इमारतींची संख्या पुनर्विकासामुळे आता 13 ते 14 हजारांच्या दरम्यान आली आहे. भागाकार केला तर इमारतीमागे वर्षाला पाऊण लाखाच्या आसपास रक्कम येते. चार मजली, साठ-सत्तर बिऱ्हाडांच्या चाळीतल्या एका बाजूच्या तुळयाही त्यात बदलून होणार नाहीत. मंडळाच्या कामाच्या दर्जाबद्दल बोलताना हा आकडा विसरता कामा नये. इतक्या तुटपुंज्या पैशात हजारो इमारतींचे आयुष्य दहा, वीस, तीस वर्षांनी वाढले. त्या वर्षांत मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली, संप झाले, गिरण्या बंद पडल्या, तरी माणसे आपल्या जागी राहिली. स्वस्त घर टिकवण्याचे एवढे मोठे काम मुंबईत दुसऱ्या कोणी केलेले नाही. मंडळावर टीका करणाऱ्यांपैकी मीही एक आहे, पण हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

1976 च्या कायद्याने म्हाडाची स्थापना झाली, डिसेंबर 1977 पासून तो अमलात आला आणि दुरुस्ती मंडळ म्हाडाच्या छत्राखाली गेले. 1992 मध्ये त्याला पुन्हा स्वतंत्र मंडळाचे रूप मिळाले. मधल्या काळात दोन मोठ्या घटना झाल्या. डिसेंबर 1985 मध्ये काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनासाठी मुंबईत आलेले पंतप्रधान राजीव गांधी यांनी शहराच्या घरांसाठी 100 कोटी रुपये जाहीर केले. त्यातून धारावीबरोबर जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या जागीही पंतप्रधान अनुदान प्रकल्पाच्या 66 इमारती उभ्या राहिल्या. त्यांतली घरे 180 चौरस फुटांच्या आसपासची. मंडळाने अशा रीतीने पाडून बांधलेल्या 388 इमारती आज स्वतःच जुन्या झाल्या आहेत आणि त्यांच्या पुनर्विकासासाठी वेगळी तरतूद करावी लागली आहे.

दुसरी घटना 1986 ची. म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण आले आणि 70 टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करण्याची वाट खुली झाली. मालकांची संघटना न्यायालयात गेली. 1991 मध्ये उच्च न्यायालयात हरल्यावर ती सर्वोच्च न्यायालयात गेली. खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानायची का, हा त्यातून निघालेला प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे पोचला आणि 5 नोव्हेंबर 2024 रोजी बहुमताने उत्तर आले की, प्रत्येक खासगी मालमत्ता तशी मानता येणार नाही. भारताच्या घटनेतल्या एका मूलभूत वादाचे मूळ मुंबईच्या गळक्या चाळींत होते.

इमारत पडली किंवा पाडली की रहिवासी संक्रमण शिबिरात जातात. शीवचे प्रतीक्षानगर, अँटॉप हिल, विक्रोळीचे कन्नमवार नगर, गोरेगावचे बिंबिसार नगर, बोरिवलीचे गोराई आणि मागाठाणे. ‘दोन-तीन वर्षांत परत’ असे ऐकून माणसे गिरगावातून निघाली आणि ट्रान्झिटमध्येच त्यांची तिसरी पिढी जन्मली. मूळ जागा लहान असेल, रस्तारुंदीत गेली असेल किंवा आरक्षणात अडकली असेल, तर तिथे नवी इमारत होतच नाही. अशा लोकांसाठी बृहतसूची, म्हणजेच मास्टर लिस्ट, आली. मंडळाला इतरत्र मिळालेल्या घरांतून त्यांना ज्येष्ठतेने घर द्यायचे. दरम्यान शिबिरांत घुसखोरी झाली, गाळे मुखत्यारपत्रावर विकले गेले आणि शेवटी शासनाला तिथल्या रहिवाशांचेही अ, ब, क असे वर्ग करावे लागले : मूळ पात्र, विकत घेणारे आणि घुसखोर.

कागदाची गोष्ट खरी सुरू होते ती इथे. बृहतसूचीत नाव यायला काय लागते? मूळ खोलीची भाडेपावती, मंडळाने दिलेली खोली रिकामी करण्याची नोटीस, शिबिराचे वाटपपत्र, बेस्टचे वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादीतला उतारा. 1981 मध्ये गिरगावातून निघालेल्या माणसाच्या नातीने हे सगळे आज सादर करायचे. तिच्याकडची पावती आजोबांच्या नावाची, शिधापत्रिका वडिलांच्या नावाची आणि नोटीस तीन घरे बदलताना हरवलेली. मंडळाकडे तिची प्रत असायला हवी. असली तर ती कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्यात, हे सांगणारा कर्मचारी निवृत्त झालेला. मग ती नात वर्षानुवर्षे खेटे घालते. आणि ज्यांनी कागद बनवले, त्यांची कामे आधी झाल्याच्या तक्रारी होत राहतात. खोट्या कागदाला वाव मिळतो तो खरा कागद सापडत नाही म्हणून. मंडळाने डिसेंबर 2023 मध्ये बृहतसूचीवरच्या 265 पात्र रहिवाशांसाठी संगणकीय सोडत काढली, तेव्हा निदान घरवाटप सर्वांच्या डोळ्यांसमोर झाले. पण ‘पात्र’ ठरेपर्यंतचा रस्ता अजूनही जुन्या फायलींमधूनच जातो.

पुनर्विकासातही हेच. विकास नियंत्रण नियमावलीतला 33(7) हा नियम 1991 पासून उपकरप्राप्त इमारतींना जादा चटईक्षेत्र देतो. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर 1999 मध्ये ते अडीचपर्यंत वाढले आणि पुढे 2009 मध्ये 33(9) खाली समूह पुनर्विकासाला चारपर्यंत गेले. पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागे, आता 51 टक्के पुरते. लालबाग-परळच्या आकाशात उभे राहिलेले टॉवर या नियमांचे आणि गिरण्यांच्या जमिनींचे फलित. पण विकासकाला ना हरकत प्रमाणपत्र देण्याआधी मंडळ भाडेकरूंची यादी प्रमाणित करते आणि त्यासाठीची कट-ऑफ तारीख आहे 13 जून 1996. त्या दिवशी कोण कोणत्या खोलीत राहत होते, हे सिद्ध करायला सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे महापालिकेचा तपासणी उतारा, ज्याला सगळे ‘इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. करनिर्धारण खात्याच्या निरीक्षकाने खोलीखोलीत फिरून भोगवटादाराचे नाव, क्षेत्र आणि भाडे लिहिलेली ती नोंद असते. कोट्यवधींच्या घराचा हक्क एका कारकुनी नोंदीवर टेकलेला असतो.

यात सर्वांत जास्त भरडल्या जातात त्या बायका. भाडेपावती नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावाची. नाव बदलून घ्यायला मालक पैसे मागतो, म्हणून ते कधी बदललेलेच नसते. नवरा गेल्यावर तीस वर्षे भाडे भरणारी विधवा कागदावर त्या खोलीत राहतच नसते. मंडळाच्या जुन्या यादीत ‘कुटुंबासह’ असा एक शब्द असला, तरी तिच्या बाजूने तेवढा पुरावा पुरतो.

आणि गावच्या खोल्या. गिरगाव, परळ, लालबागला कोकणातल्या गावांनी आपापल्या ग्रामस्थ मंडळाच्या नावाने खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-तीस चाकरमानी, भिंतीवर ट्रंकांची रांग आणि एक वही. त्या वहीत कोण कधी आला, कोणी किती वर्गणी दिली, कोणाच्या आजारपणाला किती उचल दिली, गावच्या देवळासाठी किती गेले, हे सगळे असते. पुनर्विकासात अशा खोलीला एक घर मिळते. वहीला काहीच मिळत नाही. मुंबईला माणसे कशी आली, कशी तगली, याचा इतक्या साध्या अक्षरात लिहिलेला इतिहास दुसरीकडे कुठे नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी 2004 मध्ये गिरणगावचा मौखिक इतिहास पुस्तकात आणला आणि आडारकरांनी 2011 मध्ये चाळींवरचा ग्रंथ संपादित केला. असे काम दहा जणांनी करायला हवे होते. चाळ पाडायला लागणारा वेळ आणि तिची वही वाचायला लागणारा वेळ यांत वहीला नेहमीच उशीर होतो.

कागद जपायचे कसे हे मुंबईला ठाऊक नाही, असेही नाही. मुंबईच्या रेकॉर्ड ऑफिसची स्थापना 1821 ची. आजचे ते राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. जुन्या कागदाला तिथेही दुरुस्तीच करतात : धूळ काढणे, धुरी देणे, आम्लता घालवणे, फाटलेल्या कडेला पातळ टिश्यू लावणे. शहराच्या जमिनींचा लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात केलेला भूमापन नकाशा आजही जमिनींच्या वादात उघडला जातो. शासकीय कार्यालयांत कागदांचे वर्गीकरण असते : ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ तीस वर्षांसाठी, पुढचे त्याहून कमी. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा आहे. पण 1985 ची खोली रिकामी करण्याची नोटीस जर तीस वर्षांच्या वर्गात पडली, तर 2015 नंतर ती नष्ट करता येते. शिबिरातल्या माणसाचा हक्क मात्र तेव्हाही जिवंतच असतो. असा प्रत्येक कागद शेवटच्या रहिवाशाला घर मिळेपर्यंत कायमच्या वर्गात असला पाहिजे. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत नगरविकास विभागाच्या फायली जळाल्या, तेव्हा आपण सगळे हळहळलो. हिंदमातासारख्या सखल भागात तुंबणाऱ्या पाण्यात आणि वाळवीत दर वर्षी थोडे थोडे जाते, त्याची बातमी होत नाही.

अलीकडच्या वर्षांत म्हाडाने जुनी कागदपत्रे स्कॅन करून संगणकावर आणण्याचे मोठे काम सुरू केले आहे आणि ते मनापासून स्वागत करण्यासारखे आहे. पण स्कॅन म्हणजे जतन नव्हे. स्कॅन केल्यावर मूळ कागद कुठे ठेवला, सूची कोणत्या क्रमाने केली, इमारतीच्या नावाने शोधता येते की फक्त फाइल क्रमांकाने, नातीला ती प्रत किती दिवसांत मिळते, हे प्रश्न उरतात. चाळीचे नाव दोनदा बदललेले, रस्त्याचे नाव तीनदा. जुने नाव, नवे नाव, उपकर क्रमांक आणि भूकर क्रमांक एकत्र जोडणारी सूची झाली नाही, तर संगणकातला कागदही हरवलेलाच.

हे आज तातडीचे का, तर धोका वाढतो आहे. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडून 33 माणसे गेली. जुलै 2020 मध्ये फोर्टमधल्या भानुशाली इमारतीत 10. दर पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. 2024 मध्ये तीत 20 इमारती होत्या. 2025 मध्ये, मोठ्या प्रमाणावर संरचनात्मक तपासणी सुरू झाल्यावर, 96 झाल्या. इमारती एका वर्षात पाचपट खचल्या नाहीत, तपासणी वाढली म्हणून धोका दिसला. 2020 मध्ये विधिमंडळाने म्हाडा कायद्यात 79-अ आणले आणि 2022 मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली : धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, नंतर भाडेकरूंना सहा महिने आणि कोणीच पुढे आले नाही तर म्हाडा स्वतः. कल्पना चांगली. पण 2025 मध्ये अशा 935 नोटिसांना उच्च न्यायालयाने स्थगिती देऊन चौकशी समिती नेमली. नोटीस काढण्याचा अधिकार कोणाला आणि कशाच्या आधारावर, हाच मुद्दा तिथे कळीचा ठरला. प्रत्येक इमारतीची तपासणीची, दुरुस्तीची, खर्चाची पन्नास वर्षांची सलग फाइल हाताशी असेल, तर अशा निर्णयाला न्यायालयातही बळ मिळेल आणि रहिवाशाचाही त्यावर विश्वास बसेल.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2000 मध्ये एक कायदा केला. गावाने किंवा शहराने मतदान करून आपल्याच मालमत्ता करावर जास्तीत जास्त तीन टक्के अधिभार लावायचा, राज्याने त्यात आपला वाटा घालायचा आणि जमलेल्या निधीतला किमान दहा-दहा टक्के भाग परवडणारी घरे, ऐतिहासिक वारसा आणि मोकळ्या जागा यांवर खर्च करायचा. बॉस्टनने 2016 मध्ये तो स्वीकारला. ऐतिहासिक वारशाच्या व्याख्येत तिथे कागदपत्रेही येतात, त्यामुळे घराची डागडुजी आणि नगरपालिकेच्या जुन्या वह्यांची डागडुजी एकाच थैलीतून होऊ शकते. रचना पाहा : स्थानिक कर, त्यावर राज्याचा वाटा. आपल्याकडे हीच रचना त्यांच्या एकतीस वर्षे आधी आली. फक्त आपल्या थैलीत कागदासाठी वेगळा कप्पा ठेवायचे राहून गेले.

तो कप्पा आता करावा. उपकर निधीतून दर वर्षी एक निश्चित हिस्सा अभिलेखांसाठी कायद्याने राखून ठेवावा. शंभरातला एक कोटी दिला तरी दुरुस्तीची कामे अडणार नाहीत. त्यातून मंडळाच्या फायली, महापालिकेचे तपासणी उतारे आणि संक्रमण शिबिरांची वाटपपत्रे एकाच सूचीत जोडता येतील. पुराभिलेखागाराचे जाणकार या कामाला घ्यावेत, कंत्राटी स्कॅनिंगवर ते सोडू नये. आणि 33(7) किंवा 33(9) खाली ना हरकत प्रमाणपत्र देताना विकासकावर एक अट घालावी : इमारत पाडण्याआधी तिची मोजणी, नकाशे, छायाचित्रे आणि खोलीनिहाय रहिवाशांची नोंद मंडळाकडे जमा केल्याशिवाय पाडकामाला परवानगी नाही. लाखो चौरस फूट विकणाऱ्याला एवढा खर्च जड नाही.

शासनाने काही करेपर्यंत चाळ समित्यांना आणि गावच्या मंडळांना एक सांगणे आहे. घरातल्या सर्वांत जुन्या भाडेपावतीपासून आजच्या पावतीपर्यंत सगळ्या काढा. सोबत बोर्डाची प्रत्येक नोटीस, शिबिराचे पत्र, वीजबिल आणि गावच्या मंडळाची वही ठेवा. त्यांच्या प्रती काढून एक संच समितीकडे ठेवा, एक वेगळ्या पत्त्यावर. आईचे, बायकोचे नाव पावतीवर नसेल तर यंदाच अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातून आपल्या इमारतीचा 1995-96 चा तपासणी उतारा आताच मागून घ्या. विकासक दारात येईपर्यंत थांबू नका. मूळ कागद मात्र कोणाच्याही हाती, कितीही ओळखीचा असला तरी, देऊ नका.